आत्याच्या जावयाचा ढेकर

माही बहीन मोनाली कोनाच्या घरी गेली का पहिले त्यायच्या कुत्र्याच्या हिरड्या पायते, मंग मानसाले जोहार घालते. हे आंदीच सांगून ठेवतो, कारन लोकं म्हनते पोट्टी घमंडी हाये. घमंडी नाई. तिचं ध्यान तुमच्याकडं नसते, इतकंच.

मी तिचा मोठा भाऊ, लोकेश. आठवी पास. पास म्हंजे पास, कोनाच्या मेहरबानीनं नाई. बापूराव पाटलाचा ट्रॅक्टर चालवतो, आन धानाच्या बांदीतून भरली ट्रॉली उलटी काढनारा माह्यासारखा दुसरा ड्रायव्हर धानोऱ्यापर्यंत नाई, कोनालेही विचारा. पन आज माही गोठ नाई सांगून राह्यलो. माही सांगाले बसलो तर दोन दिवस पुरनार नाई.

आमचा टोला चाळीस घराचा, चारही बाजूनं जंगल. मोनाली बारावी शिकली आन बचत गटाच्या बायायनं तिचं नाव पशुसखीसाठी दिलं. पशुसखी म्हंजे गावातल्या बकऱ्या-कोंबड्यायकडं ध्यान देनारी बाई. जंताचं औषध पाजते, लस टोचाच्या दिवशी डॉक्टरसंगं घरोघरी फिरते. ब्रह्मपुरीले सात दिवस शिकाले गेली होती. वापस आली तवा मी विचारलं, "काय शिकवलं वं इतके दिवस? औषधाचे नाव?"

म्हने, "औषधाचे नाव तर बाटलीवरच लिहून राहते, भाऊ. घाबराचं कवा आन घाबराचं नाई कवा, हे शिकवलं."

आता सांगा, असं बोलनारी बहीन कोनाच्या घरी हाये?

येताना एक थर्मामीटर आनलं होतं. जनावराचा ताप कुठून पायते हे तुमाले माईत असन, नसन तर विचारू नका. पहिल्याच दिवशी तिनं आमच्या काल्या कुत्र्याचा ताप पायला. काल्या तीन दिवस घरी आला नाई. आजही मोनाली आंगनात आली का तो भिंतीले पाठ लावूनच बसते.

तिच्या सोयरीकीची गोठ तर पूर्न तालुक्यात फिरली. दोन वर्षं झाले, वडस्याकडून पाव्हने आले पायाले. पोट्ट्याचा मामा बाजूच्याच टोल्यावर राहते, त्याचा कुत्रा मांगं मांगं चालत आला. मोनाली चहा घेऊन आली. कुत्रा दारात पडला होता. त्याच्याकडं पायलं, चहाचा ट्रे पोट्ट्याच्या मांडीवर ठेवला, आन खाली बसून कुत्र्याचा ओठ वर केला.

"हिरड्या पांढऱ्या फट्ट झाल्या याच्या," म्हने. "मामाजी, हा लाल मुतते का?"

मामाच्या घशात बिस्कीट अटकलं. "पोरगी आमच्या पोट्ट्याले पायाले बसवली का कुत्र्याले?"

"पोट्ट्याले काई नाई झालं," मोनाली म्हने, "तो उद्याही असाच राहीन. कुत्र्याले आजच दवाखान्यात न्या. गोचिडाचा ताप हाये, आंगातलं रक्त संपत आलं त्याचं."

सोयरीक मोडली. पन मामा घाबरला आन कुत्र्याले मोटारसायकलवर बसवून त्याच दिवशी घेऊन गेला. कुत्रा वाचला. पोट्ट्याचं मंग दुसरीकडं जमलं, त्याचंही बरं झालं. मी म्हनलो, आमच्या घरच्या पोरीनं एका चहात दोघायचं भलं केलं.

पन खरी गोठ यंदाची. मोहाच्या दिवसातली.

आमच्या घराले लागून सोमारी आत्याचं घर हाये. आत्या म्हंजे माह्या बापाची मोठी बहीन. तिचा नवरा, आमचा मामा, जाऊन पंधरा वर्षं झाले, लेकरू-बाळ नाई. तिच्याजवळ एक बोकड्या हाये, पांढरा, दाढीवाला, मोठा धिप्पाड. त्याचं नाव तिनं ठेवलं जावई. काऊन त जावयासारखा राहते म्हने. काम करत नाई, खाटेवर बसते, अन् गरम असल्याबिगर खात नाई. आत्या सकाळी उठली का पहिले त्याच्याशी बोलते. आपन बाजूनं गेलो आन आत्या "आज आंगात कसकस हाये बापा" म्हनली, तर ते आपल्याले नाई, त्याले सांगून राह्यली असते. आपन उगीच "औषध घे" म्हनाव नाई, राग येते तिले.

आता मोहाच्या दिवसात आमच्याकडं काय होते, तर घरोघरी आंगनात मोहफुलं वाळू घातले राहते. बकऱ्या पोटभर खातात, वरतून पानी पेतात, आन लोळतात. कोनी हासते, कोनी त्याले सावलीत निजवते, चिंचेचं पानी पाजते. सांजच्याले जनावर डोळे चोळत उठते. आमच्या बापजाद्यापासून असंच हाये. म्हून मोहाच्या दिवसात जनावर पडलं तर डॉक्टरले कोनी फोन लावत नाई. दारू उतराची वाट पायतात.

त्या दिवशी सकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर ग्रामसभा होती. बापूराव पाटील अध्यक्ष. मी बी बसलो होतो, पहिल्या लाइनीत. तितक्यात आत्याची बोंब ऐकू आली. "धावा रे, जावई पडला!"

आमी सारे गेलो. जावई चिंचेखाली आडवा पडून, पाय ताठ. लोकायनं पायलं आन हासाले लागले. "जावयाले चढली! जास्त झाली आज!" मी बी हासलो, खोटं काऊन बोलू. मी त म्हनलो, "आत्या, जावई हाये, घेनारच. निजू दे त्याले."

एकटा लच्छू हासला नाई. लच्छू आमच्या गावात बोकड कापते. लग्न असो, बारसं असो, सुरी त्याचीच. कापते आन पळसाच्या पानावर असे हिस्से पाडते का मटनाच्या एका बोटीचा फरक नाई पडत. त्यानं जावयाच्या डोळ्यात पायलं आन मान हालवली.

"हे चढलेलं नाई. हा चालला," म्हने. "आत्या, जीव हाये तवरच सुरी फिरवू दे. मेल्यावर कोनी खानार नाई. दहा-बारा हिस्से सहज होते."

हे लच्छूनं वाईट मनानं नाई म्हनलं. आमच्याकडं हेच करतात. मरनारं जनावर वाया जाऊ नाई देत. पन दहा-बारा हिस्से म्हनल्याबरोबर लोकायचं हासनं बंद झालं. मांगून कोनीतरी म्हने, "माहं एक नाव लिहिजो." दुसरा म्हने, "काळजासंगं." आत्या मधात उभी, पदर तोंडात.

मोनाली कोंबड्यायले लस देऊन खालच्या आळीतून येऊन राह्यली होती. गर्दी पायली आन धावत आली. कोनाले काई विचारलं नाई. गुडघ्यावर बसली, जावयाचं तोंड उघडून वास घेतला.

"मोहाचा वास नाई," म्हने.

मंग डाव्या बाजूले, शेवटच्या फासळीच्या मांगं, बोटायनं टिचकी मारली. ढब ढब. आमच्या लग्नातली टिमकी अशी वाजत नाई. त्या बाजूचं पोट पाठीच्या हाडाच्या वर आलं होतं.

"चढलेलं जनावर सैल पडते," मोनाली म्हने. "हा पाय कसा ताठ करून राह्यला. दात खाऊन राह्यला. आपल्याच पोटाले लाथा मारून राह्यला. पोटात गॅस अटकला हाये, ढेकर निघून नाई राह्यला. असाच आडवा पडून राह्यला तर श्वास कोंडून जाईन. उठवा त्याले! कोनी निजवाचं नाई!"

"मी अठरा वर्षं झाले बोकड पाहून राह्यलो," लच्छू म्हने, "तू मले शिकवतं?"

"लच्छूभाऊ, तू आतून पायले. मी बायरून पायते," मोनाली म्हने.

वा! सांगा, वा का नाई?

डॉक्टरले फोन लावा लागत होता, आन आमच्या टोल्यावर नेटवर्क फक्त समाजमंदिराच्या ओट्यावर येते. ओट्याले तीन पायऱ्या बी हायेत. मोनाली म्हने, समोरचे पाय उंच राह्यले तर गॅस तोंडाकडं सरकते, म्हून पायरीच पायजे. जावयाले मी उचललं. एकट्यानं. बाकीचे म्हनते चौघायनं उचललं, पन त्या चौघायनं फक्त पाय धरले होते.

बापूराव पाटील खुर्चीवर तसाच बसून होता. एकटाच. सभा तहकूब केली नव्हती ना त्यानं.

"अबे, इथी सभा हाये का बाजार?"

"पाटील काका, नेटवर्कही तुमच्याच पायरीवर हाये आन उतारही तुमच्याच पायरीवर," मोनाली म्हने. "सरका थोडसे."

पाटील सरकला. माह्या मालकाले सरक म्हननारी माही बहीन. मी दुसरीकडं पायलं.

जावयाचे समोरचे पाय वरच्या पायरीवर, मांगचे खाली. छातीखालून मी धरून. फोन लागला. डॉक्टर दुसऱ्या गावात होते. "मला यायला तासभर लागेल," म्हने. "उभं ठेवा. डावी बाजू चोळत राहा. तोंडात आडवी काडी बांधा, चघळेल, लाळ सुटेल. गोडं तेल थोडं थोडं पाजा, घाई करू नका. आणि मोनाली, काय खाल्लंय त्यानं, ते विचार. नीट विचार."

मोनालीनं आत्याकडं पायलं. "काय खाल्लं यानं?"

"काई नाई वं माय. पाला."

"आत्या."

"मोह खाल्ला असन थोडसा."

"तोंडाले मोहाचा वास नाई, आत्या."

आत्या पदराले गाठ माराले लागली. गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. इकडं कडुनिंबाची काडी बांधून झाली, दोघं जन पोट चोळाले लागले, जावयाची लाळ माह्या हातावर. आन आत्या गाठच मारून राह्यली.

"आत्या, काय औषध द्याचं ते त्याच्यावर हाये," मोनाली हळूच म्हने. "मी रागावनार नाई."

"त्याले भात आवडते वं," आत्या म्हने.

"किती देलं?"

आत्यानं हात दाखवले, वाटीएवढे. मोनाली पाहत राह्यली. हात जरासे लांब झाले. मंग अजून लांब. शेवटी आत्या म्हने, "गंजभर, मोठं पातेलं भरून. काल पाटलाच्या इथच्या लग्नाचा उरला होता तो. वरून वरन घातलं. रातच्याले अर्धा खाल्ला त्यानं, आन सकाळी पुन्हा मांगे, म्हून बाकीचा देला."

"बोलून मांगे का तो?" लच्छू म्हने.

"हाव. माह्याशी बोलते तो."

बापूराव पाटील उभा राह्यला. "म्हंजे आमच्या लग्नाच्या भातानं हे झालं?" त्याले आता लय जबाबदारी वाटाले लागली. धोतर वर खोचलं आन म्हने, "सरका रे, मी चोळतो."

मोनालीनं डॉक्टरले भाताचं सांगतलं. डॉक्टर म्हने, भात पोटात आंबला हाये, मी निघालोच, सोडू नका त्याले.

मायनं घरून जवसाचं तेल आनलं. लच्छूले वाटलं आता आपनही काई करावं, म्हून त्यानं जावयाचं तोंड धरून आभाळाकडं केलं, बाटली ओताले. मोनालीनं त्याच्या हातावर फाटकन मारली.

"तोंड वर करून नाई ओतत! छातीत जाते तेल, मंग तुह्या सुरीचीही गरज नाई पडत!" तिनं गालाच्या कोपऱ्यातून, चमच्या-चमच्यानं पाजलं. एक चमचा, थांबे. जावई गिळे, मंग दुसरा.

पूर्न ग्रामसभा पाळीपाळीनं चोळाले लागली. पाटील दमला का दुसरा, तो दमला का तिसरा. मी मात्र बदललो नाई. अर्धा घंटा एकाच जागी, चाळीस किलोचा बोकड्या छातीशी धरून. दुसरा कोनी धरून दाखवा.

मंग एकदम जावयाचे गुडघे वाकले. मान माह्या खांद्यावर पडली. डोळे पांढरे. लच्छूनं कमरेची सुरी काढली, आन खरं सांगतो, त्याचाही चेहरा उतरला होता.

आत्या जवळ आली. जावयाच्या कानाले हात लावला. "मोनाली," म्हने, "लय तरास होऊन राह्यला वं त्याले. लच्छूले हाव म्हनू का? मीच चारलं त्याले. मीच त मारलं."

लोकं खाली पायाले लागले. हिस्सा मांगनारे बी. मोनाली पोट चोळून राह्यली होती, पन घडीघडी डॉक्टरच्या रस्त्याकडं पाहे. ते मले दिसलं, कारन मी तिच्या सगळ्यात जवळ होतो. सात दिवसाचं शिकवलं आता संपत आलं होतं.

"पाच मिनिट दे मले, आत्या," म्हने.

आत्या लच्छूकडं पाहे, आन मोनालीकडं पाहे.

मंग मी बोललो. "माही बहीन पाच मिनिट म्हनते तर पाच मिनिट. कोनी मधात आला तर गाठ माह्याशी हाये!" हात उगारून म्हननार होतो, पन दोन्ही हातात बोकड्या होता.

मोनालीनं काडी थोडी हालवली, जावयाची मान सरळ केली. म्हने, "भाऊ, अजून वर घे त्याले." मी घेतलं. "अजून." मी पायाच्या बोटावर उभा राह्यलो. तिनं दोन्ही मुठी डाव्या बाजूले लावल्या आन पूर्न आंगानं दाबत चोळाले लागली.

पहिले जावयाच्या मांगून आवाज आला. बापूराव पाटील तिकडच उभा होता. तो दोन पायऱ्या खाली गेला.

मंग पोटात कुठीतरी गुडगुड झालं, आन जावयाच्या तोंडातून ढेकर निघाला. ढेकर म्हंजे, ट्रॅक्टरच्या टायरचा वॉल्व्ह काढला तर जसा वारा सुटते, तसा. संपेच ना. आन त्याचं तोंड माह्या तोंडापासून एक वीत. कालचं लग्न, भात, वरन, फोडनी, सारं माह्या नाकात गेलं. माह्या डोळ्यात पानी आलं. लोकं म्हनते लोकेश रडला. मी रडलो नाई, तो वास होता.

दुसरा ढेकर आला. तिसरा आला. डावी बाजू खाली बसत गेली. जावयानं पाय टेकवले, स्वतःच्या जोरावर उभा राह्यला, आन पाटलाच्या खुर्चीकडं पाहून बें केलं.

अशा टाळ्या वाजल्या का विचारू नका. पाटलाच्या पोरीच्या लग्नात अंतरपाट सरकला तवाही नाई वाजल्या. लच्छूनं सुरी कमरेले खोचली. म्हने, "मले वाटलंच होतं वाचते म्हून." कोनाच्यातरी घरून मटनाच्या मसाल्याचा वास येऊन राह्यला होता. त्या दिवशी टोल्यावर त्या मसाल्यात आलू झाले.

डॉक्टर आले. तपासलं, नळी घालून राह्यलेला गॅस काढला, सुई देली. हिरड्या पायल्या, मंग विचारलं, "पायरीची कल्पना कोणाची?" मी पुढं झालो आन सांगतलं का माह्या बहिनीची. डॉक्टर म्हने, "मी यायच्या आधीच मोठं काम झालं होतं. याला आडवा ठेवला असता, तर मी यायची गरज नव्हती." मंग मोनालीले सांगतलं, दोन दिवस भात नाई, दाना नाई, फक्त वाळलेलं गवत आन थोडं थोडं पानी. पुन्हा फुगला तर लगेच फोन. "आणि हा रवंथ करायला लागला, की समजा धोका टळला. तोपर्यंत लक्ष ठेवा."

आत्या सारं ऐकत होती. मान हालवत होती. डॉक्टरची गाडी वळनावर गेली नसन, तवर मोनालीच्या कानाशी येऊन म्हने, "माय, सकाळपासून उपाशी हाये तो. थोडसा भात देऊ का? मऊ करून?"

मोनालीनं दोन्ही हात डोक्यावर मारले. चाळीस वर्षं वाघाच्या जंगलात काढलेली बाई, पन भाताच्या बाबतीत तिच्यावर भरोसा ठेवता येत नाई. म्हून पहारा बसला. आन पहाऱ्यावर कोन? मीच. पाटलानंही दोन दिवस ट्रॅक्टर बंद ठेवला, त्याच्या लग्नाच्या भाताचं त्याच्या मनाले लागलं होतं.

मी जावयाच्या समोर खाट टाकली. आत्यानं पहिल्या दिवशी पदरात लपवून आनला भात, मी धरला. सांजच्याले गवताच्या पेंडीत घालून आनला, तोही धरला. दुसऱ्या दिवशी दुपारी सरळ थाळी घेऊन आली, वाफ निघत होती, वरून वरन.

"मी त्याले देत नाई," म्हने. "फक्त दाखवते."

"दाखवूही नको, आत्या."

"त्याले वाटन मी इसरली त्याले."

"नाई वाटत. तुले पाहून शेपूट हालवून राह्यला तो, पाय."

"मंग अन्न फेकू का?"

फेकनं बरोबर नाई. म्हून मी खाल्लं. जावयाकडं पाठ करून खाल्लं, कारन समोर बसून खानं बरोबर दिसत नव्हतं. आत्या माह्या बाजूले बसली आन बोलाले लागली. आंगात कसकस हाये म्हने, गुडघे दुखते म्हने. मी दोनदा हाव-हाव केलं, मंग ध्यानात आलं का माह्या मांगं पाहून बोलून राह्यली.

मंग तिचं बोलनं मधातच थांबलं.

"लोकेश," म्हने. "मांगं पाय."

मी पायलं. जावयाचा जबडा हालत होता. डावीकडून उजवीकडं, हळू हळू, डोळे अर्धे मिटून, पान चघळनाऱ्या म्हाताऱ्यासारखा.

"काय खाऊन राह्यला तो?" आत्या घाबरली. "मी नाई देलं! तुही शपथ, मी नाई देलं काई!"

मी थाळी ठेवली आन "मोनाली!" म्हून असा आवाज देला का खालच्या आळीत गेला. ती धावत आली. मांगून माय, लच्छू, पाटील, सभेतले अर्धे लोकं. मोनाली जावयासमोर उकिडवी बसली. कोनालेही बोलू देलं नाई. त्यानं गिळलं. गळ्यातून गोळा खाली गेला. थोडा वेळ थांबला, आन दुसरा गोळा वर आला. पुन्हा जबडा चालू.

"रवंथ करून राह्यला," मोनाली म्हने, आन तिथीच जमिनीवर फतकल मारून बसली.

मंग आमी सारे खाली बसलो आन बराच वेळ एका बोकड्याले चावताना पाहत राह्यलो. लच्छूही पाहे. आत्या दर गोळ्याले मोजे, एक, दोन, तीन. वीसच्या पुढं तिले मोजता येत नाई, म्हून वीस झाले का पुन्हा एकपासून सुरू करे.